वाचक विचारतात : व्हॅन गॉग यांची खोली वाकडी का?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे चित्रकलेविषयी जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये काम करणाऱ्या, ‘उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी’ (इंग्रजीत ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारांविषयी होती. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांतील चार पत्रांना दिली आहे.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून घेताना आम्ही प्रमाण, यथार्थदर्शन (जवळ-दूरचा भास, पर्स्पेक्टिव्ह) आणि छायाप्रकाश यांतील चुका दाखवत असतो. आठवीतील एका मुलीने मोबाइलवर व्हॅन गॉग यांच्या शयनगृहाचे चित्र आणले आणि विचारले, “सर, ह्यांची भिंत तिरकी, पलंग अंगावर आल्यासारखा, सावली कुठंच नाही. मग आमच्याच चुका का काढता?” तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. या चित्रकाराला रेखाटन येत नव्हते का?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीची नजर चांगली आहे. तिने टिपलेल्या गोष्टी चित्रात खरोखरच आहेत, मात्र त्यांची कारणे एक नाहीत. हे चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी ऑक्टोबर १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी रंगवले. ज्या पिवळ्या घरात ते भाड्याने राहत होते त्या घराचा कोपराच तिरका होता, त्यामुळे खोलीची मागची भिंत काटकोनात नव्हती. म्हणजे मुलीला जी चूक वाटली ती निदान काही अंशी समोर पाहिलेली वस्तुस्थिती आहे. सावल्यांचे तसे नाही. त्या व्हॅन गॉग यांनी विचारपूर्वक गाळल्या आणि धाकटे भाऊ थिओ यांना त्याच दिवसांत लिहिलेल्या पत्रात तसे स्पष्ट कळवले. जपानी छापचित्रांप्रमाणे सपाट, मोकळ्या रंगांत ही खोली रंगवावी आणि ते चित्र पाहताना मनाला, किंबहुना कल्पनाशक्तीला, विसावा मिळावा, हा त्यांचा हेतू होता.

त्या पत्रात खोलीतील वस्तूंचे रंग त्यांनी ओळीने दिले आहेत. भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर आणि उशा हिरवट लिंबाच्या रंगाच्या, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी, मेज नारिंगी, त्यावरचे पाण्याचे भांडे निळे. ही यादी रंगचक्रासमोर ठेवून विद्यार्थ्यांना वाचून दाखवावी, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन, कारण जांभळा आणि पिवळा, लाल आणि हिरवा, नारिंगी आणि निळा या पूरक, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या, रंगांच्या तिन्ही जोड्या एका लहानशा खोलीत आणून बसवलेल्या आहेत, आणि इतके परस्परविरोधी रंग एकत्र येऊनही चित्र अंगावर धावून येऊ नये, ते शांत राहावे, असा अवघड डाव त्यांनी मांडला होता. आता मोबाइलवरचे चित्र पुन्हा पाहा : भिंती निळ्या दिसतात. जांभळ्या रंगासाठी निळ्यात मिसळलेले लाल रंगद्रव्य उजेडाने कालांतराने उडून गेले आणि निळे तेवढे उरले. पिवळ्या पलंगाला तोलून धरणारा जांभळा निघून गेल्यामुळे आपण आज पाहतो ते चित्र मूळ चित्रापेक्षा अधिक कडक झाले आहे.

रेखाटन येत होते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत आहे. चित्रकार व्हायचे असे त्यांनी १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ठरवले आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी शार्ल बार्ग यांनी तयार केलेल्या नमुन्यांवरून रेखाटनाचा अभ्यास पुन्हापुन्हा केला. पुढे यथार्थदर्शन साधावे म्हणून दोऱ्या ताणलेली एक चौकट त्यांनी करून घेतली. ती शेतात रोवून तिच्यातून दिसणारे दृश्य ते कागदावर उतरवीत. १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारी माणसे’ हे पहिले मोठे चित्र रंगवण्यापूर्वी हॉलंडमधील न्यूनेन या गावच्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांची आणि हातांची कितीतरी अभ्यासचित्रे त्यांनी केली होती. त्या चित्रातील बोटे गाठाळ आहेत, चेहरे राकट आहेत आणि एकूण रंग न सोललेल्या, मातीने माखलेल्या बटाट्याचा आहे. ज्या हातांनी ही माणसे ताटाला हात घालत आहेत, त्याच हातांनी त्यांनी जमीन उकरली आहे, हे दिसले पाहिजे, असे त्यांनी थिओ यांना लिहिले होते. आपल्याकडे खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या हाताचे चित्र गोऱ्या, निमुळत्या बोटांनी काढले तर प्रमाण बरोबर असूनही ते खोटे ठरेल. व्हॅन गॉग यांची वक्रता या जातीची आहे, ती आधी शिकून घेतलेल्या सरळपणावर उभी आहे.

तेव्हा त्या मुलीला असे सांगता येईल की, तिच्या स्थिरचित्रातील तांब्याचा काठ तिने न पाहता, अंदाजाने काढला असेल तर शिक्षक ती चूक दाखवणारच; मात्र तांब्या असा का काढला याचे उत्तर तिला वस्तूकडे बोट दाखवून देता येत असेल, तर तिचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी आपणही थांबले पाहिजे. परीक्षेच्या धबडग्यात हे अवघड आहे याची मला जाणीव आहे, तरीही वर्षातून दोन-चार तास परीक्षेबाहेरच्या चित्रांसाठी राखून ठेवणे कोणत्याही शाळेला अशक्य नाही.

प्रश्न : सेझान, सरा, गोगँ आणि व्हॅन गॉग ही चार नावे नेहमी एकाच दावणीला बांधलेली दिसतात. मी लातूरला ग्रंथालयातील एका इंग्रजी चित्रसंग्रहात चौघांची चित्रे पाहिली, परंतु त्यांत साम्य म्हणून काही सापडले नाही. हा एक गट होता का?

उत्तर : गट नव्हता, आणि आपल्याला साम्य सापडले नाही हे योग्यच झाले. चौघांना ‘उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी’ या एका नावाखाली आणले ते रॉजर फ्राय या इंग्रज कलासमीक्षकाने, १९१० च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत भरवलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. त्या वेळी चौघांपैकी एकही हयात नव्हता, त्यामुळे हे नाव त्यांच्यापैकी कोणाच्याही कानावर कधी पडले नाही.

त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच की चौघेही मोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, म्हणजे दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या, खांद्यावर उभे होते. १८७४ ते १८८६ या काळात या मंडळींनी पॅरिसमध्ये आठ प्रदर्शने भरवली, काळपट तपकिरी रंगांतून चित्रकला बाहेर काढली आणि क्षणाक्षणाला बदलणारा उजेड पकडण्याचे वेड तिला लावले. पुढच्या पिढीने तो स्वच्छ, उजळ रंग घेतला, परंतु उजेड टिपला म्हणजे चित्र झाले हे तिला पटेना. नेमके काय राहून गेले आहे, याचे उत्तर मात्र प्रत्येकाने स्वतःपुरते शोधले आणि तेथून चौघांच्या वाटा फुटल्या.

सरा यांना शिस्त हवी होती. गोबलँ येथील विणकाम कारखान्याच्या रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये, शेजारचा रंग बदलला की आपल्याला दिसणारा रंगही बदलतो, याचे नियम मांडले होते. ते आणि तत्सम लेखन अभ्यासून सरा यांनी रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवले. ‘ग्रांद झातवरील रविवार’ हे त्यांचे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, आणि नदीकाठी फिरायला आलेली त्यातील माणसे मंदिराच्या भिंतीवरील मूर्तिपट्टात उभी असावीत तशी निश्चल आहेत. गोगँ यांनी उलट दिशा धरली. १८८८ मधील ‘प्रवचनानंतरचे दर्शन’ या चित्रात ब्रिटनी प्रांतातील स्त्रिया प्रवचन ऐकून जे मनात पाहतात ते दाखवण्यासाठी त्यांनी जमीनच शेंदरी लाल करून टाकली; गवताचा हिरवा त्यांना नकोच होता. गोगँ यांच्या रंगांविषयी मला अपार आदर आहे. परंतु १८९१ नंतर ताहितीत त्यांनी अल्पवयीन मुलींशी संसार थाटला, हे त्यांच्या तेथील चित्रांविषयी बोलताना झाकून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेझान यांच्यापाशी मात्र थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण पहिल्या नजरेत ते चौघांत सर्वांत कमी आकर्षक वाटतात. त्यांच्या एखाद्या सफरचंदांच्या चित्रात मेजाची कड पाहा : फडक्याच्या डावीकडे ती जेथे लुप्त होते, त्या पातळीवर ती उजवीकडे बाहेर येत नाही, थोडी वर किंवा खाली येते. बशी समोरून पाहिलेली असते, तर तिच्या शेजारचे भांडे थोडे वरून. आपण एखाद्या वस्तूकडे बराच वेळ पाहतो तेव्हा मान हलते, नजर फिरते, आणि त्या सगळ्या पाहण्याची गोळाबेरीज एका कॅनव्हासवर घट्ट बसवायची, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी वेळ लागे. चित्रविक्रेते व्होलार यांनी लिहून ठेवले आहे की, १८९९ मध्ये त्यांच्या व्यक्तिचित्रासाठी सेझान यांनी त्यांना ११५ वेळा समोर बसवले आणि अखेरीस, सदऱ्याचा पुढचा भाग बरा झाला आहे, एवढेच समाधान व्यक्त करून चित्र बाजूला ठेवले.

फ्राय यांच्याशी मराठवाड्याचा एक दूरचा धागा जुळतो, तो येथे नोंदवावासा वाटतो. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये राष्ट्रीय कलासंग्रह निधी उभा करणाऱ्यांत फ्राय यांच्याबरोबर ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकर्ती होत्या. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत त्या अजिंठ्याला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, तळ ठोकून लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होत्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन होते. लंडनमध्ये फ्राय यांचे प्रदर्शन गाजत होते, त्याच सुमारास वाघूर नदीच्या काठी हे काम चालले होते.

प्रश्न : व्हॅन गॉग यांना मानसिक आजार होता म्हणूनच त्यांची चित्रे इतकी तीव्र झाली, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय? (एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)

उत्तर : आजार खरा होता, कार्यकारणभाव खरा नाही. आर्ल येथे २३ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी स्वतःचा कान कापला आणि मे १८८९ पासून वर्षभर ते सेंट-रेमी येथील मनोरुग्णालयात स्वेच्छेने राहिले, हे प्रसिद्ध आहे. परंतु आजाराचे झटके येत तेव्हा त्यांचे काम बहुधा थांबे, कधीकधी कित्येक आठवडे. त्या वर्षात झालेली दीडशेच्या आसपास चित्रे प्रामुख्याने मधल्या निवळलेल्या दिवसांतील आहेत. जून १८८९ मधील ‘तारांकित रात्र’ हे चित्रसुद्धा भ्रमात रंगवलेले नाही : खिडकीतून पहाटे पाहिलेले आकाश, खिडकीतून न दिसणारे गाव आणि आठवणीतील हॉलंडच्या चर्चसारखा निमुळता कळस, असे वेगवेगळ्या ठिकाणचे साहित्य त्यांनी दिवसाउजेडी बसून एकत्र जुळवले आहे. त्यांच्या आठशेहून अधिक उपलब्ध पत्रांत रंगांविषयी जे लिहिले आहे ते एखाद्या कारागिराच्या हिशेबासारखे नेटके आहे. ही पत्रे इंग्रजी भाषांतरासह आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. आपण ती वाचावीत अशी विनंती आहे. आजाराला चित्रांचे श्रेय दिले की दहा वर्षांच्या अथक मेहनतीचे श्रेय आपोआप काढून घेतले जाते, आणि हा त्या माणसावर मोठा अन्याय आहे.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. व्हॅन गॉग यांच्यासारखा जाड रंग आणि लांब फटकारे मला फार आवडतात, म्हणून मी तसे काम करते. परंतु शिक्षक म्हणतात, ही नक्कल झाली, स्वतःची शैली शोध. दुसरीकडे तेच शिक्षक आमच्याकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतात. नक्कल वाईट असेल तर ही कशी चालते? स्वतःची शैली शोधायची तरी कशी? आणि तैलरंग व कॅनव्हास परवडत नाहीत, त्याचे काय करावे?

उत्तर : तुझा पहिला प्रश्न रास्त आहे. व्हॅन गॉग यांनी स्वतः भरपूर नकला केल्या. १८८७ मध्ये पॅरिसला त्यांनी हिरोशिगे यांच्या जपानी छापचित्रांवरून तैलचित्रे केली, आणि सेंट-रेमीला असताना फ्रेंच चित्रकार मिले यांच्या शेतकरीचित्रांच्या कृष्णधवल छपाईवरून वीसएक चित्रे रंगवली. या दुसऱ्या उदाहरणाकडे नीट लक्ष दे. समोरच्या छपाईत रंग नव्हता, त्यामुळे मिले यांच्याकडून आकार घेऊन रंगाचा प्रत्येक निर्णय त्यांना स्वतः घ्यावा लागला. तू फटकारा उचललास, म्हणजे त्यांच्या निर्णयाचा शेवट उचललास. त्यांचा फटकारा सायप्रसच्या झाडात ज्वाळेसारखा वर चढतो, गव्हाच्या शेतात कणसांच्या दिशेने वाकतो, नांगरलेल्या जमिनीत तासांच्या रेषेत पळतो. वस्तू बदलली की तो बदलतो. तुझ्या चित्रात तो आकाश, भिंत आणि चेहरा यांवर एकसारखा फिरत असेल तर शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे.

अजिंठ्याची प्रतिकृती करताना मात्र तुला मिळण्यासारखे खूप आहे, आणि याचा सर्वांत ठळक दाखला अमृता शेरगिल यांचा आहे. पॅरिसच्या कलाशाळेत शिकलेल्या, सेझान आणि गोगँ यांच्या चित्रांनी भारावलेल्या शेरगिल १९३४ च्या अखेरीस भारतात परतल्या आणि १९३६ च्या अखेरीस निघालेल्या प्रवासात त्यांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिले. त्यानंतर १९३७ मध्ये रंगवलेली ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी’ ही तीन चित्रे निदान पुस्तकातून तरी जरूर पाहा. माणसांची दाटीवाटीने केलेली मांडणी, सावळ्या अंगकांतीभोवती फिरणारी सलग बाह्यरेषा आणि गेरूचे तांबडे-तपकिरी रंग अजिंठ्याच्या भिंतींची आठवण देतात, आकार सोपे करण्याचे धैर्य गोगँ यांच्याकडचे आहे, आणि तरीही ती चित्रे दुसऱ्या कोणाची वाटत नाहीत. पुढच्या वेळी पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभी राहशील तेव्हा नाक, हनुवटी आणि खालचा ओठ यांवर उजळ रंग कोठे ठेवला आहे तेवढेच टिपून घे. उजेड एका बाजूने आला आहे आणि दुसरीकडे सावली पडली आहे, असे तेथे नाही. पुढे आलेला भाग उजळ, मागे गेलेला गडद, असा तो हिशेब आहे, आणि तुला वर्गात शिकवलेल्या छायाप्रकाशाहून तो वेगळा आहे.

शैली कशी शोधावी, याविषयी माझे मत असे की ती शोधायला निघू नये. एक विषय धरावा आणि तो सोडू नये. सेझान यांनी दक्षिण फ्रान्समधील एक्स (Aix) या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा डोंगर वर्षानुवर्षे तैलरंगात आणि जलरंगात कितीतरी वेळा रंगवला. तुझ्या शहरातून वेरूळच्या रस्त्याला लागले की देवगिरीचा डोंगर दिसतो. त्याचा वरचा भाग उतरता आणि झुडपांनी भरलेला आहे, तर खालचा कडा माणसांनी तासून उभा केलेला आहे. म्हणजे एकाच आकृतीत दोन अगदी भिन्न पृष्ठभाग आहेत. एप्रिलच्या दुपारी या कड्याच्या सावलीत काळा रंग शोधलास तर सापडणार नाही, जांभळा आणि मातकट निळा सापडेल. पावसाळ्यात तोच कडा ओला होऊन खरोखरच काळा पडतो. हा कडा रंगवताना तुला काय सोडावेसे वाटते, झुडपे, चिरा की सावली, ते दर वेळी वहीत लिहून ठेव. सरा यांनी मिसळलेला रंग सोडला, गोगँ यांनी गवताचा खरा रंग सोडला, व्हॅन गॉग यांनी सावली सोडली. तुला काय सोडून चालते हे वहीची पाने उलटताना हळूहळू तुझ्या लक्षात येईल आणि ते शिक्षकांना दाखवताही येईल.

आता साहित्याचे. पोस्टर कलर अवश्य वापर. जाड लेप दिला तर ते वाळल्यावर तडकतात, म्हणून त्यांत सपाट रंगांची चित्रे कर, गोगँ यांच्या अभ्यासासाठी ते सोयीचेच आहेत. कॅनव्हासला पर्याय हवा असेल तर आर्ल येथे गोगँ यांनी आणलेल्या वीस मीटर ज्यूटच्या कापडावर त्यांनी आणि व्हॅन गॉग यांनी दोघांनीही चित्रे रंगवली होती, हे लक्षात ठेव. मोंढ्यात किंवा कोणत्याही आडतीवर जुने गोणपाट स्वस्तात मिळते. ते धुऊन, वाळवून लाकडी चौकटीवर ताणावे, पातळ सरसाचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर सरसात कालवलेल्या व्हायटिंगचे (खडूच्या पांढऱ्या भुकटीचे) दोन पातळ हात द्यावेत. सरसाचा थर न देता तैलरंग थेट तागावर लावला तर तेल धाग्यात शिरून कापड काही वर्षांत कुजते. गोणपाटाचे विणकाम जाड असल्याने बारीक तपशील त्यावर बसत नाही, पण देवगिरीच्या कड्याला त्याची गरजही पडणार नाही.